रात्रीचे दोन गॉगल

आमच्या घराण्यात रात्री गॉगल घालणारी माणसं आजवर दोनच झाली. पहिली मी, दुसरा माझा नातजावई. दोघांत जास्त मूर्ख कोण याचा निकाल अजून लागायचा आहे. तो माझ्या विरोधात गेला तरी मला वाईट वाटणार नाही, कारण ज्या मुलीने तो गॉगल घातला तिच्याशी माझं आता फारसं सख्य नाही.

ती मुलगी पेडण्याहून लग्न होऊन डिचोलीजवळ सर्वणला आली होती. विशी-बाविशीची असेल. दोन वेण्यांची एक वेणी केली एवढ्यावर आपण मोठ्या झालो असं तिला वाटत होतं. मामा गल्फमध्ये होते, त्यांनी आहेरात एक काळा गॉगल दिला होता. काचा एवढ्या रुंद की कपाळ आणि गाल दोन्ही झाकले जायचे, उरायचं ते नाक आणि तोरा. आता हा गॉगल घालायचा कधी? दिवसा ती चुलीपुढे, नाहीतर विहिरीवर. चुलीपुढे गॉगल घातला असता तर मांयनं, म्हणजे माझ्या सासूनं, फुंकणीनेच उतरवला असता. चारचौघांत मिरवायची संधी वर्षातून एकदाच यायची. देवळाची जत्रा, आणि जत्रेचं नाटक. ते सुरू व्हायचं रात्री, गावातल्या निम्म्या पुरुषांना मिशा चिकटवून झाल्यावर.

मग रात्री तर रात्री. देवळाच्या मागच्या भिंतीला टेकून बाईसाहेबांनी पदराआडून गॉगल काढला, डोळ्यांवर चढवला आणि मांडवात शिरल्या. दिसत काही नव्हतं. ट्यूबलाइट काकडीच्या फोडीसारख्या फिक्या दिसत होत्या. पहिल्याच पावलाला कुणाच्या तरी पायावर पाय पडला. पण काय आश्चर्य! ज्याचा पाय चेंगरला तो बोलला नाही, बाजूला झाला. त्याच्या पलीकडची बाई बाजूला झाली, तिने पोरीला ओढून घेतलं. मांयच्या शेजारी बाकावर खेटून बसलेल्या चार बायका उठल्या आणि पार मागे जाऊन उभ्या राहिल्या. मांय सोडून आख्खा बाक रिकामा! मी बसले. मान ताठ. मनात म्हटलं, ह्याला म्हणतात रुबाब.

भटजी तीर्थ द्यायला आले ते हातभर लांबून ओतून गेले. मला वाटलं, संकोचले. एक ओळखीची बाई माझ्याकडे न बघता, मांयकडे तोंड करून म्हणाली, "कोथिंबिरीच्या पाण्याने धुवायला सांग सुनेला." मला वाटलं, माझ्या कांतीचं गुपित काढतेय. दुसऱ्या दिवशी शेजारून गुलाबपाण्याची बाटली आली. तीही मी नजराणा समजून घेतली.

घरी येताना वाटेत मांय म्हणाली, "गो बाय, दोळे आयल्यात जाल्यार घरात रावपाक नजो? सगळ्या गांवाक लायतलें तूं."

डोळे आलेत तर घरात राहायचं नाही का, गावभर साथ लावशील. तेव्हा कळलं. गावात काळा गॉगल फक्त डोळे आलेला माणूस घालायचा. मी मांडवात शिरले तेव्हा लोक माझ्या रूपाला नाही, माझ्या चिपडांना घाबरून वाट देत होते.

आता शहाण्या माणसाने सांगून टाकलं असतं की मांय, डोळे ठीक आहेत, नटायची हौस होती. पण ही बया म्हणाली, "होय, आलेत." आणि पुढे चार दिवस अंधाऱ्या खोलीत गॉगल लावून बसली, डोळ्यांत शेजारणीचं गुलाबपाणी घालून घेत. हौस कबूल करण्यापेक्षा तिला रोग बरा वाटला. अशा मुलीबद्दल कुणी कणव बाळगू नये. मी बाळगत नाही.

म्हणून नातजावई पहिल्यांदा एक पेटी घेऊन आला आणि सोप्यावर, ओसरीत, सगळ्यांसमोर उघडून म्हणाला, "आजी, बघा, रात्रीचा गॉगल," तेव्हा माझ्या तोंडून आपसूक निघालं, "डोळे आले की काय, जावईबापू?"

तो हसला नाही. तो विनोदाला हसतो ते मोबाइलवर आला तरच.

नात फोंड्याला दिली आहे. दोघं शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे येतात, रविवारी रात्री परततात. नातजावई तसा वाईट नाही. पगार चांगला, दारू नाही, सासऱ्याच्या पाया वाकून पडतो. फक्त त्याला सारखं काहीतरी विकत घ्यायचं असतं, आणि विकत घेतलं की ते जगात पहिल्यांदा त्यालाच सापडलं असं वाटत असतं. ह्या गॉगलला दोन नळकांडी होती, डोक्याला पट्टा, आणि नाकावर एवढं ओझं की घातल्यावर माणूस कर्ज काढायला आलेल्या बेडकासारखा दिसायचा. अंधारात त्यातून सगळं हिरवं पण स्वच्छ दिसतं म्हणे. सैनिक वापरतात म्हणे. सैनिकाच्या समोर शत्रू असतो. ह्याच्या समोर सर्वण ते कारापूर रस्ता होता.

पण खरी गंमत पुढे होती. हा गॉगल लावून तो गाडी चालवायचा. दिवे बंद करून. गॅरेजवाल्या मेस्त्रीकडून त्याने एक बटण बसवून घेतलं होतं. दाबलं की पुढचे, मागचे, आतले सगळे दिवे गप्प. स्टिअरिंगपुढच्या काट्यांचा उजेड गॉगलमध्ये डोळ्यांवर येतो म्हणून त्यावर काळं फडकं अंथरायचा. आणि मग सुसाट. त्याचे व्हिडिओही काढायचा. हिरवा रस्ता, हिरवी झाडं, मागे धाडधाड संगीत. माझा मुलगा, म्हणजे त्याचा सासरा, ते व्हिडिओ लोकांना दाखवत फिरायचा. "आमचा जावई," म्हणायचा, जणू रणगाडाच घरी आणलाय.

एका शनिवारी जेवण झाल्यावर तो म्हणाला, "चला आजी, एक राउंड मारू." नात त्याच्या बाजूला बसली. तिला पाचवा महिना लागला होता. मी मागे बसले.

अंधार मी पाहिलेला आहे. माझ्या लहानपणी आमच्या पेडण्याच्या वाड्यावर वीज नव्हती. आता तिथे विमानं उतरतात आणि रस्ता लग्नाच्या मांडवासारखा उजळलेला असतो, ते सोडा. पण पाय जमिनीवर असताना अंधार वेगळा असतो आणि बुडाखालून रस्ता पळत असताना वेगळा. बटण दाबलं आणि सगळं गेलं. काच गेली, नातीचं डोकं गेलं, माझे हात गेले. फक्त टायरचा आवाज, आणि पुढून आनंदी आवाज येतोय, "आजी, साळिंदर! गेलं! आजी, ऐंशी!"

आणि मी काय केलं? म्हटलं असेल ना, थांबवा? छे. माझ्या पोटातली ती गॉगलवाली उठून बसली. "वा, जावईबापू!" म्हणाले. "आणखी जोरात जाते का?" असंही म्हणाले. एवढी वर्षं गेली, गुडघे गेले, दात गेले, आणि ती भवानी मात्र आत शाबूत.

मग एका वळणाला गाडी हलली. पत्र्यावर काहीतरी खरवडत गेलं. "काही नाही, फांदी," तो म्हणाला. पडू नये म्हणून मी हात पुढे टाकला तो नातीच्या हातावर पडला. तिने त्या हाताने पट्टा धरला होता, दुसरा पोटावर असणार. हात ओला होता आणि थंडगार. माझ्या हाताला तो लागला तसा तिने माझं बोट धरलं आणि सोडलंच नाही.

लगेच गाडी एकदम उजवीकडे गेली, परत डावीकडे आली, आणि नातजावई चिडून म्हणाला, "सायकलवाला! बघा आजी, बिनलाइटचा चाललाय. अक्कल म्हणून नाही लोकांना."

हे वाक्य मी शब्दाला शब्द लिहिते आहे. त्यात माझी भर नाही. घालायला जागाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला. मी उंडे पाव घेऊन आत आले तेव्हा नात भाजीला मिरच्या चिरत होती, खाली मान घालून. म्हटलं, "काय गो बाय? रात्री झोपली नाहीस?"

"आजी, मला भीती वाटते," ती म्हणाली. "दर रविवारी फोंड्याला जाताना असंच करतो. मोठ्या रस्त्यावर लाइट लावतो, आतल्या रस्त्याला लागला की बंद. मला काहीच दिसत नाही. वळण कधी आलं कळत नाही. गाडी वळली की बाळ हलतं, आणि मला वाटतं तेही घाबरलंय."

"सांग की त्याला."

"सांगितलं. तोंड पाडून बसला. म्हणे, तुझा माझ्यावर विश्वास नाही. म्हणे, मला दिसतंय ना, मग तुला कशाला दिसायला हवं?"

मी उंडा हातात तसाच धरून उभी राहिले. मला दिसतंय ना, मग तुला कशाला दिसायला हवं. गेली कितीतरी वर्षं बायकांना हे कुणी ना कुणी सांगत आलंय, पण त्यासाठी एवढं महाग यंत्र घ्यायची गरज आजवर कुणाला पडली नव्हती.

"मी बोलते," म्हटलं.

"नको आजी. तू बोललीस तर मीच चुगली केली असं होईल. मग आठवडाभर अबोला. बाबांना सांगितलं तर बाबा म्हणाले, मिलिटरीत वापरतात ते, त्याला कळतं."

बाबांचं मला माहीतच आहे. माझा मुलगा बँकेत चार लोकांवर ओरडतो. पण जावई दारात आला की ह्याचा कणा विरघळून सोलकढी होते. आमच्याकडे जावयाला नाही म्हणत नाहीत. मासळीचा मधला तुकडा त्याला, पंख्याखालची कदेल, म्हणजे खुर्ची, त्याला, आणि चूक असली तर ती हवेची. मी ही रीत चांगली की वाईट म्हणत नाही. मीच वर्षानुवर्षं तो तुकडा वाढत आले आहे. पण ह्या रीतीची दुसरीही बाजू आहे, ती जावई लोक विसरतात. जावयाला जसं कुणी नाही म्हणत नाही, तसं आजेसासूने भरल्या घरात काही मागितलं तर जावयालाही नाही म्हणता येत नाही.

पुढच्या शनिवारी दोघं आली. संध्याकाळी मी काठी घेऊन घरामागच्या पटांगणावर एक फेरी मारून आले. खाण चालू होती तेव्हा तिथे मातीचे टिपर रांगेने उभे असायचे. आमच्या ह्यांचाही एक टिपर होता. खाण बंद पडली, टिपर गेला, हेही गेले, आणि पटांगणावर आता गवत आहे. तिन्ही बाजूंनी लाल मातीचा बांध, चौथ्या बाजूला आमचा मागचा सोपा आणि त्याला लागून रस्त्याकडे जाणारी वाट. आपटायला काही नाही, पडायला खड्डा नाही. गुरं नाहीत ना तेवढं बघून आले. मुलाने कौतुकाने विचारलं, "चालायला लागलीस, आई?" म्हटलं, "लागले."

जेवताना जावयाच्या ताटात इसवणाचा, म्हणजे सुरमईचा, मधला तुकडा मीच घातला. मग म्हटलं, "जावईबापू, एक मागू?"

"मागा की, आजी."

"द्याल?"

"तुम्ही मागायचं आणि मी नाही म्हणायचं?"

"मग तो गॉगल द्या. आणि गाडीची चावी. एक राउंड मी मारते, तुम्ही बाजूला बसा."

मुलाच्या घशात काटा अडकला असावा. "आई, खुळी झालीस काय?"

"का रे? मिलिटरीत वापरतात, तूच सांगत फिरतोस. मी डिचोलीच्या बाजाराला गाडी घेऊन जाते तेव्हा नाही खुळी होत?"

"ते दिवसा!"

"हा गॉगल लावला की रात्रीचा दिवसच होतो ना, जावईबापू?"

नातजावई अडकला. त्याने सगळ्यांसमोर तसंच सांगितलं होतं. "पण आजी, हळू हां," एवढंच म्हणाला. नात माझ्याकडे बघत होती. तिला वाटत होतं, आजी आज मरणार आणि आपल्यालाच सुतक धरावं लागणार.

मी गाडी शिकले ती खाणीच्या मातीच्या रस्त्यावर, आमच्या ह्यांच्याकडून. ह्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, ब्रेकवरून पाय काढायचा तो देवाला विचारून. आणि दुसरी सहज, गप्पांत सांगितली होती. रात्री अंगणात बसून वर घाटीकडे कान लावायचे आणि म्हणायचे, "ऐक, भरलेला टिपर चढतोय. केवढा बोंबलतोय बघ, आणि चाल गोगलगायीची." छोट्या गिअरमध्ये गाडी जेवढी ओरडते तेवढी धावत नाही. डोळे उघडे असले तर ते कळतं. मिटलेले असले तर कान जे सांगतील तेच खरं.

गाडी मागच्या सोप्यापुढेच उभी होती. गॉगल चढवला. मानेला हिसका बसला एवढं ओझं. खरंच सगळं हिरवं दिसलं, शेवाळ साचलेल्या तळीच्या बुडाशी बसल्यासारखं. बांध दिसत होता, पण जवळ आहे की लांब ते काही केल्या कळेना. म्हणजे ऐंशीने जाताना ह्या महाभागालाही ते कळत नसणार, हे माझ्या ध्यानात आलं आणि होता नव्हता तो संकोचही गेला.

बटण दाबलं. काळं फडकं नीट बसवलं, काटा दिसायला नको. काचा वर केल्या. एसीचा वारा पूर्ण सोडून त्याचं तोंड जावयाच्या तोंडाकडे फिरवलं. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला.

गाडीने जो टाहो फोडला म्हणता! शेजारच्या वाड्यावरची कुत्री उठली. चाल म्हणाल तर नवरदेवाच्या वरातीची. पण बाजूला काळोखात बसलेल्या माणसाला फक्त आवाज, तोंडावर वारा, आणि वर मी.

"आजी, सावकाश!"

"सावकाशच आहे. अय्या, म्हशी!" मी स्टिअरिंग फिरवलं. "चुकल्या."

"आजी, कुठल्या रस्त्याला लागलात तुम्ही?"

"बघते की. हे काय आलं समोरून? टिपर काय?"

"टिपर कुठला, खाण बंद आहे!"

"तेच म्हणते मी. मग एवढं मोठं काय हो?" आणि पुन्हा स्टिअरिंग.

तो किंचाळला. मोठा पगारदार माणूस, पण किंचाळला तो अगदी मनापासून. "आजी, लाइट लावा! मला काही दिसत नाही!"

"तुम्हाला कशाला दिसायला हवं?" मी म्हटलं. "मला दिसतंय ना."

हे वाक्य आपण कुठेतरी ऐकलंय एवढं त्याला नक्की कळलं असावं. पण कळणं आणि वळणं ह्यांत पुरुषमाणसाच्या बाबतीत थोडं अंतर असतं, आणि मी तेवढं कापायला बसलेच होते. पाय आणखी दाबला.

"आजी, पाया पडतो! आपण कारापूरला पोचलो का? उतरतो मी!"

"चालत्या गाडीतून? थांबा, राखणदाराची जागा आली. गाऱ्हाणं घालू, तोच वाचवील."

आमच्या पेडण्याकडे कुठलंही काम करण्याआधी गावाच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालतात. एकाने मोठ्याने विनवायचं, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. 'व्हय' म्हटलं की ते देवापुढे कबूल केल्यासारखं, मग मागे फिरता येत नाही. गाऱ्हाणं पुरुषांनी घालायचं असतं. माझे वडील घालायचे, त्यांचा आवाज तीन वाड्यांपर्यंत जायचा. तो आवाज माझ्या गळ्यात आहे हे मला त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हतं.

"बा देवा, बारा वाटेच्या राखणदारा, म्हाराजाऽऽ!"

बाजूने काही नाही. मी स्टिअरिंग हिसडलं.

"व्हय म्हाराजा!" बाजूने.

"आज तुझी लेकरां काळोखातसून तुझ्या वाटेन चल्लीत, तेंका सांभाळून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या जावयाक डोळे चार झाले, पण बुद्धीचो लाइट बंद पडलो, तो पेटव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" त्याला शब्द ऐकूच येत नव्हते बहुतेक. भीतीने माणूस धार्मिक होतो तो असा, अर्थाबिर्थाच्या भानगडीत न पडता.

"बायको बाजूक बसल्यार हो गॉगल पेटयेत रवांदे, आणि गाडयेचे दोनय दिवे पेटते रवांदेत रे म्हाराजाऽऽ!"

बायको बाजूला असताना गॉगल पेटीत आणि दिवे चालू, इथे मात्र तो थबकला. ऐकू आलं होतं तर. मी इंजिन असं ओरडवलं की डब्यात भूत कोंडलंय वाटावं.

"व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा! व्हय!"

मी ब्रेक दाबला, गॉगल कपाळावर सरकवला आणि बटण दाबून दिवे लावले.

समोर आमचा मागचा सोपा. पायरीवर आख्खं घर उभं. मुलगा हातातलं ताट तसंच घेऊन आलेला, सून तोंडावर पदर धरून, आणि मध्ये नात. गाडी निघाली होती तिथून जेमतेम दोन हातांवर उभी होती. पटांगणाला फेऱ्या मारत आम्ही कुठेच गेलो नव्हतो, आणि काचा बंद असूनही गाऱ्हाणं शब्दाला शब्द सगळ्यांनी ऐकलं होतं. मुलगा मला नंतर म्हणाला, "आई, मला आधी वाटलं, देवळात काही कार्य आहे."

नात हसायला लागली. आधी पदराआड, मग खांबाला धरून, मग पायरीवर बसून. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिला इतकं मोकळं, तेही नवऱ्याला, हसताना मी लग्नानंतर पाहिलंच नव्हतं. आजवर ती त्याच्याकडे बघायची ती अशी, जशी मी त्या रात्री मांडवात मनातल्या मनात स्वतःकडे बघत होते. भारावून. भारावलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. हसणाऱ्याला येतं.

सकाळी नातजावई पटांगणावर उभा राहून टायरच्या खुणा बघत होता. घाण्याच्या बैलाने काढाव्यात तशा गोल गोल, एकावर एक. भाजीला आणि उंड्याला हात लावला नाही.

"आजी, हे फसवणं झालं," म्हणाला.

"झालं," म्हटलं.

"आणि माझा गाऱ्हाण्यावर विश्वास नाही."

"नसेना का. त्या राखणदाराचाही तुमच्यावर नाही. भाजी थंड होतेय."

दिवसभर फुगून बसला. मुलाने त्याची समजूत काढायचा प्रयत्न केला, तेव्हा मी मुलाच्या पानात मासळीचं डोकं वाढलं आणि मधला तुकडा मी खाल्ला. पुष्कळ वर्षांनी खाल्ला, चांगला लागतो.

रात्री निघायची वेळ झाली. गाडी अंगणात, गॉगलची पेटी मागच्या सीटवर. नातजावई बसला. त्याचा हात सवयीने त्या बटणाकडे गेला की नुसताच गेला, मला सांगता येणार नाही. पण नात गाडीत बसली नाही. दार उघडून, हात दारावर ठेवून उभी राहिली.

"बस ना," तो म्हणाला.

"आधी लाइट."

एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही, माझ्याकडे बघितलं नाही, बापाकडे बघितलं नाही. तो म्हणाला, "अगं, मोठा रस्ता आहे पुढे." ती तशीच उभी. पोटावर हात नव्हता, दोन्ही हात दारावर होते. मुलाने मध्ये बोलायला तोंड उघडलं, तेव्हा सुनेने त्याच्या पायावर पाय दिला. मी जनेलाशी, खिडकीपाशी, उभी होते आणि त्या क्षणी मला माडावरच्या असोल्या नारळांत फार रस वाटायला लागला होता.

मग दिवे लागले. अंगण पांढरं झालं. नात बसली, पट्टा लावला, आणि दार ओढून घेतलं.

तो गेला तो अप्पर लावून, पार फोंड्यापर्यंत, नातीने दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. समोरून येणाऱ्या एकाही माणसासाठी डिप्पर केला नाही म्हणे, रागाने. बिचाऱ्यांचे डोळे दिपले असतील. शिव्याही घातल्या असतील. घालू देत. त्यांना गाडी दिसली, आणि आमच्या पोरीला रस्ता.